बाबांच्या तीन पुंगळ्या

मर्ल कुड्रनाबद्दल गावात कुणालाही विचारा, चांगलंच सांगतील. म्हणून मी सांगतो. त्याच्या शेजारच्या लेथवर मी उभी हयात काढली, आणि तेवढीच त्याच्यावर जळण्यात घालवली.

नेब्रास्कातलं आमचं गाव डाय आणि प्रेसवर जगतं. काडतूस उडालं की त्याची पितळी पुंगळी बंदुकीच्या पोटात फुगते. ती डायखाली, म्हणजे पोलादी साच्याखाली, धरून प्रेसचा दांडा ओढला की पुन्हा मापात येते, मग घरच्या घरी दारू भरायची की झालं. पहिली डाय कारखान्याच्या मालकाने कोंबड्यांच्या खुराड्यात कातली होती म्हणतात. आमच्या वेळी मोठी शेड होती. साध्या डाय मधल्या रांगेत बनायच्या, त्या त्याच काडतुसाच्या कुठल्याही बंदुकीला चालत. ज्याला आपल्याच बंदुकीच्या मापाची हवी, तो तिच्यातून उडवलेल्या तीन पुंगळ्या पाठवायचा. ते काम कोपऱ्यात, मर्लकडे आणि माझ्याकडे.

पार्सलावर लिहिलेलं असायचं, ‘मर्लकडेच द्या.’ माझ्या नावाचंही एक आलं होतं. पाठवणारा माझा मेव्हणा होता.

मर्ल डायचं पोट आतून फार गुळगुळीत करायचा, हे दातओठ खात का होईना, कबूल. पण मिरवायचा किती! डाय झाली की प्रेसवर चढवायचा, पुंगळीला तेलाचं बोट लावायचा आणि दांडा एका करंगळीने खाली आणायचा.

“बघ लेलंड, करंगळी.”

“बघितली. झाकून ठेव आता.”

माझ्या डायला अख्खा हात लागायचा.

एका शरदात त्याच्या ताटलीत तीन पुंगळ्या दिसल्या. बुडावर बंदुकीच्या पिनेचा ठोका मधोमध नव्हता, एका कडेला सरकलेला होता. तो ठोका मी झोपेतही ओळखला असता. लहानपणी बाबांच्या मागे हिंडून त्यांच्या पुंगळ्या मीच गवतातून वेचल्या होत्या.

“या कुणाच्या रे?”

“तुझ्या बाबांच्या, एमिलच्या. तुला बोलले नाहीत?” मर्ल म्हणाला. त्याच्या हातात खसखस भरलेला गोड पाव होता, कोलाचे. माझ्या आईच्या हातचा.

रविवारी जेवताना मी विषय काढला. “बाबा, घरात डाय कातणारा असताना मर्ल कशाला?”

“तू केलीस तर शिकारीच्या दर हंगामात वाखाणावी लागेल,” बाबा म्हणाले. “मर्लला पैसे दिले की सुटलो.”

“आणि माझी खरंच चांगली झाली असती तर?”

“बटाटे सरकव इकडे.”

त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. माझी डाय बाबांच्या प्रेसवर चढलेली बघायची. ते जमायच्या आत बाबा गेले. बंदूक आणि प्रेस माझ्याकडे आले, आणि त्यांच्याबरोबर मर्लची डायही.

आता ती शेड नाही. पांढऱ्याशुभ्र दालनात यंत्रं आपली आपण डाय कातत बसतात, एक मुलगी कॉफी पीत चार यंत्रांवर नजर ठेवते. पुंगळ्या कुणी पाठवत नाही, कोपरा बंद झाला. मर्लचा लेथ दारात पाहुण्यांसाठी मांडलाय, वर त्याच्या नावाची पाटी. माझा भंगारात गेला.

निवृत्त झाल्यावर गॅरेजात एक जुना लेथ बसवला आणि बाबांच्या बंदुकीतून तीन पुंगळ्या उडवल्या. अख्खा हिवाळा त्या एका डायमागे गेला. कातली, भट्टीत घातली, आतून घासत बसलो. बायको म्हणाली, “माझ्याकडे एवढं बघितलं असतंस तर!”

डाय आणि एक पुंगळी घेऊन मर्लकडे गेलो. त्याचे हात आता कापतात. माझी डाय प्रेसमध्ये फिरवून बसवायलाच त्याला केवढा वेळ लागला. मग बाबांची पुंगळी ठेवली, तेल लावलं आणि थरथरती करंगळी दांड्यावर टेकवली.

दांडा खाली आला. त्याने तो परत वर नेला, परत खाली आणला.

“लेलंड, ही माझ्या डायपेक्षा सरस आहे,” तो म्हणाला. चेष्टा करत नव्हता. “एमिलने बघायला हवी होती.”

हे वाक्य ऐकण्यासाठी मी जन्म घालवला होता, आणि ते या माणसाच्या तोंडून मला नको होतं.

घरी येऊन माझी डाय बाबांच्या प्रेसवर चढवली. जराशाने उतरवली. सरस असेल, पण बाबांचा हात तिला कधी लागला नव्हता. त्यांनी घेतली होती ती मर्लचीच. तीच परत बसवली आणि हंगामाची काडतुसं भरायला घेतली.

दांडा करंगळीनेच खाली आला, लेकाचा.