सहीपुरती मी

ओली जाकिटं, कॉफी आणि बुटांना चिकटून आत आलेली मेपलची पानं यांचा मिळून एक वास आमच्या वर्गाला येतो. ऑक्टोबरात अमेरिकेतल्या आमच्या या बॉथेल गावाला ऊन कमीच; भर दुपारीही खिडकीशी राखाडी उजेड नुसता उभा असतो, आणि त्या उजेडात मी, चौथीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारी, राज्यशास्त्र ऐकत बसते. आमच्या या छोट्या कॉलेजात वय झालेल्यांना परीक्षा न देता वर्गात बसू देतात. इंग्रजी मी इथल्या पाळणाघरात लोकांची पोरं सांभाळताना शिकले. बोलते मोडकं, पण कळतं सगळं. ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हती, टीव्हीचा कंटाळा आला होता. निखिलनंच, माझ्या मुलानं, नाव घातलं.

त्या दिवशी बाईंनी विचारलं, मत ठरवताना तुम्ही घरी कुणाशी बोलता? पोरं खाली बघत राहिली, म्हणून मी हात वर केला. म्हटलं, आमच्याकडे वादच नसतो. मतपत्रिका टपालानं घरी येतात, रविवारी जेवणाच्या टेबलावर मुलगा त्याची, सुनेची आणि माझी भरतो, मी पाकिटावर सही करते. कौतुकानंच सांगितलं मी, एवढी एकी किती घरांत असते? बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "मग वसुधा, तुम्ही मत कधी दिलंत?"

मला राग आला. बसमध्ये काचेवरून ओघळणारं पाणी बघत मी त्यांना मनातल्या मनात उत्तरं देत होते, आणि एकही उत्तर स्टॉपपर्यंत टिकत नव्हतं. गावी मतदानाला जाताना सासूबाई वाटेत चिन्ह सांगायच्या, त्या गेल्यावर नवरा सांगू लागला. बोटाला लागलेली शाई तेवढी माझी असायची, आणि तिचा उग्र वास भाकरी थापतानाही जायचा नाही. पुढचे कित्येक दिवस मी भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या घालताना मधेच उठून खिडकीशी जायची, बाहेर काहीच नसायचं, परत येऊन बसायची.

मग पाकिटं आली. रविवारी निखिलनं ती टेबलावर मांडली, लॅपटॉप उघडला, आणि मी माझं पाकीट उचललं.

"आई, मी सगळा रिसर्च केलाय. तू फक्त साइन कर."

"माझी मी भरते."

"आता हे काय नवीन? कॉलेजात घातलं तेच चुकलं."

"चुकलं खरं," मी म्हटलं.

माझी नात सई पहिल्यापासून स्वतःची स्वतः भरते, म्हणून आम्ही तिला हट्टी म्हणतो. ती फोनवरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, लेट हर. इट्स हर व्होट."

निखिल हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता. मी खोलीत जाऊन दार लावलं.

कागदावर नावांपुढे पोकळ गोल होते. एकेक नाव वाचलं की त्याच्याबद्दलचं मत निखिलच्या आवाजात ऐकू यायचं. शेवटी एक प्रश्न होता, वाचनालयासाठी कर वाढवावा का. कर म्हटलं की निखिलचं डोकं फिरतं. मी मात्र पावसाच्या दुपारी तिथल्याच उबेत, जुन्या कागदांच्या वासात बसते. इथे तरी मला काय हवं ते माहीत होतं. पेन टेकवलं, आणि थांबले. मला हे हवं आहे, की त्याला नको आहे म्हणून हवं आहे?

खिडकीतला उजेड विझत चालला होता. बाहेर निखिलची पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. त्यानं टकटक केली नाही, मी 'ये' म्हटलं नाही. टेकवलेल्या पेनाखाली शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत होता.