पोथीची पोच

म्युझियममध्ये धूळ आणि किस्से रोज थोडे थोडे साठतात. धूळ आमचा शिपाई सखाराम झाडायचा, किस्से माझ्याकडे राहिले. मी तिथला कारकून. छत्तीस-सदतीस सालच्या नाशकात एका माडीवर आमचं म्युझियम होतं. खोल्या दोन, माणसं तीन. तिसरे नाना, आमचे क्युरेटर, पेन्शनीतले मास्तर. हे सगळं मी हसत सांगतो खरा, पण शेवटाला मला अजून हसू येत नाही.

नानांचा जीव एका पोथीत अडकला होता. हातानं लिहिलेली, पानोपानी रंगीत चित्रं. आमच्याकडे तिची पहिली एकेचाळीस पानं होती. एकेचाळिसावं पान ‘तेव्हा सीता म्हणा’ इथे संपायचं. ‘ली’ पुढच्या पानावर, आणि पुढची पानं आमच्याकडे नव्हती.

पंचवटीतली एक भाजीवाली एकदा बघायला आली. नानांनी कौतुकानं तिला वाचून दाखवलं.

“मंग? काय म्हन्ली सीतामाय?”

“ते ठाऊक नाही, बाई.”

“मंग अर्धी गोष्ट कशापायी मांडून ठेवली?”

त्या दिवशी नाना डबा न उघडताच घरी गेले.

*

उरलेली पानं पंचवटीतल्या केशवभटांच्या घरी होती. नाना दर महिन्याला गंगा, म्हणजे आमची गोदावरी, ओलांडून जायचे आणि हात हलवत परत यायचे. एकदा केशवभटांनी कारण सांगितलं, “तुमच्याकडे लोक चपला घालून हिंडतात. तिथे मी देवाची पोथी पाठवू?”

दुसऱ्या दिवशी जिन्यात पाटी लागली: ‘पादत्राणे बाहेर काढावीत.’

पहिला बळी एका गोऱ्या साहेबाचा. त्याच्या बुटांच्या नाड्या सोडवायला दहा मिनिटं गेली. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तो दोन्ही खोल्या अर्ध्या मिनिटात फिरला. नानांना वाटलं होतं, मोठा माणूस आहे, पोथीबद्दल चार चांगले शब्द लिहील. व्हिजिटर बुकात साहेबानं इंग्रजीत लिहिलं, ‘फरशी फार गार आहे.’

*

चपला बाहेर म्हटल्यावर लोकांना ते देऊळच वाटायला लागलं. कपाटांपुढे फुलं पडू लागली. बायका काचेला हळदीकुंकू लावायच्या, ते पुसताना सखाराम आधी हात जोडायचा.

एका आजोबांनी कपाटाला प्रदक्षिणा घातली आणि माझ्या टेबलापुढे ओंजळ धरली. “तीर्थ द्या.” मी रजिस्टर लिहीत होतो. समोरच्या तांब्यातलं पिण्याचं पाणी त्यांच्या हातावर घातलं. ते समाधानानं गेले. सखाराम मात्र दिवसभर माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी म्हणाला, “डाव्या हातानं दिलं तुम्ही.”

*

केशवभट एकदा स्वतः आले. काठी टेकत, धापा टाकत. जिन्यात चपलांची रांग बघितली, आत येऊन एकेचाळीस पानांना नमस्कार केला आणि “बघू” एवढंच म्हणून गेले. नाना त्या ‘बघू’वर महिनाभर जगले. पुढच्या पानांसाठी त्यांनी कपाटात जागासुद्धा रिकामी करून ठेवली.

*

त्याच दिवसांत लोकांनी नवंच सुरू केलं. भंगलेला देव आणि जीर्ण पोथी आपल्याकडे फेकत नाहीत, गंगेत सोडतात. पण गंगेपर्यंत कोण जातो? लोक आमच्याच जिन्यात ठेवून, नमस्कार करून निघून जायचे. नाक गेलेले मारुती, वाळवीनं खाल्लेली पंचांगं. नाना प्रत्येक गाठोडं आशेनं उघडायचे आणि पडेल चेहऱ्यानं बांधायचे. शेवटी कंटाळून म्हणाले, “सखाराम, जिन्यात असलं काही दिसलं की मला दाखवू नकोस. परस्पर गंगेत सोडून ये.”

भाद्रपदात नाना तापानं अंथरुणाला खिळले. मी त्यांच्या उशाशी होतो, म्युझियमवर एकटा सखाराम. तिसऱ्या दिवशी केशवभटांची चिठ्ठी आली: ‘माझं आता काही खरं नाही. परवा सूनबाईंबरोबर पोथी पाठवली आहे. कुणी दिसलं नाही म्हणून तिनं जिन्यात ठेवली. पोचल्याचं कळवावं, म्हणजे मी सुखानं डोळे मिटीन.’

नाना तसेच उठले. मी धरून त्यांना म्युझियमपर्यंत नेलं.

“परवा जिन्यात काही होतं का रे?”

“लाल फडक्यातली पोथी व्हती. सोडली गंगेत.”

नाना पायरीवर बसले. मग विचारलं, “उघडून पाहिलीस?”

“पाहिली ना. आत लय चांगली चित्रं व्हती. म्हणून तर नुसती नाय टाकली. हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, मंग सोडली. पान्याला वढ व्हती, लगेच गेली.”

नाना कठडा धरून उठले. मला म्हणाले, “कागद दे.” मजकूर त्यांनी मलाच लिहायला सांगितला, खाली सही तेवढी स्वतः केली.

‘केशवभटांना साष्टांग नमस्कार. पोथी पोचली.’