पाटावरची पंचवीस मिनिटं

"नाय गो बाय, उभीच बरी हाय मी."

खुर्ची पुढे केली की काकींचं हे वाक्य ठरलेलं. एक हात खुर्चीच्या पाठीवर, एक पाय जरा पुढे आणि चेहऱ्यावर असं हसू, की आपणच उगाच आग्रह केला असं वाटावं. अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. लग्नात शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत राहते आणि स्वतः कधी जेवली ते कुणालाच आठवत नाही. आपण तिला कामसू म्हणतो आणि आपलं ताट पुढे करतो.

महाडला माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. काकी पोलादपूरजवळच्या कापड्याहून यायच्या, दोन एसट्या बदलून. गाडी रिकामी असली तरी दांडी धरून उभ्या. "मावशी, एवढ्या शिटा काय शोभेला हायत?" असं एकदा कंडक्टर ओरडला, हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी त्या "कंबर दुखते" म्हणाल्या आणि मी कंबरेवर उपचार सुरू केले. शेक दिला, मणक्याचे व्यायाम दिले. दीड महिना! हे लिहितानाही स्वतःचा राग येतो. आमच्याकडच्या बायका ओटीपोटापासून मांड्यांपर्यंत कुठेही दुखलं तरी कंबरच म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी आईही कंबरच म्हणायची. पण दहापैकी किती दुखतं असं विचारलं की काकी म्हणायच्या, "तुमीच सांगा, किती म्हनू?" मी कागदावर पाच लिहून मोकळी व्हायचे.

शेवटी एकदा चिडून म्हणाले, "काकी, बसूनच दाखवा बघू मला."

त्या बसल्या. दोन मिनिटं झाली नाहीत तोच कपाळावर घाम आला. दाराच्या पडद्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "कंबर नाय बाय. खाली. काचंवर बसल्यासारखं."

अकरा वर्षं चाललं होतं हे. सोनोग्राफ्या झाल्या, सगळे रिपोर्ट चांगले आले. एका डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली, दुसऱ्यांनी मनाचं आहे म्हणून परत पाठवलं. घरी मात्र कंबरेपलीकडे कुणाला काही ठाऊक नव्हतं. सासूबाई तर गावभर कौतुक करायच्या, आमची सून अजून आमच्यासमोर टेकत नाय, लय मर्यादेची. म्हणजे बाईचं दुखणं अकरा वर्षं तिचा गुण म्हणून मिरवलं गेलं. कुणाला काय म्हणणार?

त्यांना विचारून नीट तपासलं. ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू असतात ते आवळून बसलेले होते, अगदी विश्रांतीच्या वेळीही. मूठ वळली आणि उघडायची राहिली तर हात दुखणारच, असं मी समजावलं. काकींना ते लगेच पटलं.

"लावणीला बांधावर गडीमानसं असतात गो. सकाळची गेलेली बाई सांजेपर्यंत धरून ठेवते. जायाचं कुठं?"

कारण तेवढंच असेल असं नाही. पण आयुष्यभर धरून ठेवायचं शिकलेल्या बाईला मी आता सोडायला शिकवणार होते. उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे, श्वास पोटात घ्यायचा आणि घेताना खालचं सगळं सैल सोडायचं. "सोडायचं म्हंजी काय करायचं?" हा प्रश्न दर खेपेला. आवळायला सांगितलं असतं तर त्यांनी दिवसाला शंभरदा आवळलं असतं. सैल सोडा म्हटलं की दात घट्ट मिटून, अंग ताठ करून सैल सोडायच्या! मला हसू यायचं आणि मग वैतागही.

घरी रोज दुपारी वीस मिनिटं पडून हे करा म्हटलं तर म्हणाल्या, "दुपारची पडले तर आजारी म्हनतील."

"मग सांगा ना, आहे मी आजारी!"

"काय सांगू बाय? कुठं दुखतं म्हनू?"

मी तुमच्या नवऱ्याशी बोलते म्हटलं, तर त्यांनी माझा हातच धरला. नको म्हणजे नकोच.

तुम्हाला नक्की काय जमायला हवंय, असं विचारलं तेव्हा मात्र त्या अडखळल्या नाहीत. "थोरल्याच्या लग्नात दूध उतू चाललंय म्हनून पाटावरनं उठले. दूध कुनी ठेवलंच नव्हतं." त्या हसल्या, मी नाही. "पोरीच्या कन्यादानाला उठायचं नाय मला."

लग्न मे महिन्यात होतं, हातात सहा महिने. म्हशीला पेंढा काढते म्हणून त्या गोठ्याच्या माळ्यावर जायच्या आणि तिथेच व्यायाम करायच्या. "तुमच्या पलंगापरीस मऊ हाय," म्हणाल्या. बसायची दोन मिनिटांची पाच झाली, पाचाची बारा. मग एकदा पाहुण्यांच्या राबत्यात सगळं बिघडलं आणि पुन्हा चारवर आलो. मी चिडले, त्यांनी मला कडवे वाल आणून दिले. एप्रिलअखेर वीस मिनिटं जमली.

लग्नाला मी गेले. भटजी निवांत माणूस. मी घड्याळावर डोळे लावून उभी. विसाव्या मिनिटाला काकींचे खांदे वर चढले. आता उठतात, असं वाटलं. त्यांनी डोळे मिटले, पोटात श्वास घेतला आणि खांदे हळूहळू खाली आले. पंचविसाव्या मिनिटाला लेकीच्या हातावर पाणी सोडलं, तेव्हा हात स्थिर होता. मी सरळ रडले. शेजारची बाई म्हणाली, "मुलीकडच्या का तुमी?"

त्यानंतर त्या आल्याच नाहीत. उपचार जेमतेम निम्मे झाले होते. एवढ्यावर सोडलं तर दुखणं परतणार, हे मी त्यांना बजावलं होतं. तीन आठवडे वाट बघून फोन केला. नवऱ्याने उचलला.

"ती बरी हाय की आता. मांडवात बसली नव्हती का? अख्ख्या गावानं बघितलं. आता कशाला तरास तुमाला?"

फोन काकींकडे गेला. मी विचारलं, दुखतंय का? त्या आवाज खाली करून म्हणाल्या, "दुखतं गो. पन आता कुठल्या तोंडानं सांगू? बसलेली बघितली ना सगळ्यांनी."

मंगळवारी अकराची वेळ त्यांची असायची. पुढच्या मंगळवारी ती मी कुणाला दिली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी दिली.