झाकण मिटण्याआधी

लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो लगेच झोपत नाही. आधी आतल्या आणि बाहेरून जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, निरोप जातो: नवं काम घेऊ नकोस, हातातलं संपव, मग 'तयार' म्हणून कळव. सगळ्यांचं 'तयार' आलं की उपकरणांची वीज तुटते. कोणी खोटं कळवलं तरी संगणक बिचारा विश्वास ठेवतो. कामठा या आमच्या गावी घरी बसून असे ड्रायव्हर लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम.

त्या वर्षी मी आवाज टिपणाऱ्या एका पेटीचा ड्रायव्हर लिहीत होते. पेटी आवाज आधी स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत ठेवायची, मग रेकॉर्डिंग थांबवल्यावर सावकाश लॅपटॉपमध्ये उतरवायची. वीज तुटली की तिच्यातलं सगळं पुसलं जायचं. पण झाकण मिटताच लॅपटॉप झटकन झोपला पाहिजे, असा गिऱ्हाइकाचा हट्ट होता. म्हणून आवाज पूर्ण उतरायची वाट न पाहताच 'तयार' कळवण्याची सोय मी करून टाकली. हे चूक आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. नंतर बघू म्हटलं आणि विसरले.

मग बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. नागपूरला निघायच्या सकाळी मी म्हटलं, "बाबा, काहीतरी बोलून ठेवा." मोबाइलवर सहज झालं असतं. पण मला माझी पेटी मिरवायची होती ना!

"चालू झालं का वो?" बाबांनी खोकून विचारलं.

"हो, बोला."

ते बराच वेळ बोलले. जवळच्या बिरसी विमानतळाचं शिकाऊ विमान डोक्यावरून गेलं तेव्हा हात वर करून थांबले आणि पुन्हा बोलू लागले. दारात गाडीचा हॉर्न वाजला. "आता कायले बसून राहिली? चाल," म्हणत ते उठले. मी रेकॉर्डिंग थांबवून लगेच झाकण मिटलं आणि सगळं पिशवीत भरलं.

ऑपरेशन झाल्यावर दवाखान्यात मी फाइल उघडली. खोकला, 'चालू झालं का वो?', माझं 'हो, बोला'. पुढे काही नाही. मी तिथल्या जिन्यात बसून रडले.

ड्रायव्हर त्याच आठवड्यात दुरुस्त केला. आता शेवटचा तुकडा उतरेपर्यंत तो थांबतो, आणि उतरत नसेल तर झोपायला साफ नकार देतो. आठ-दहा ओळींचं काम होतं. माझ्या आळसाची मला आजही चीड येते.

बाबा आता पाटीवर लिहून बोलतात. आवाज ऐकव म्हणून त्यांनी किती वेळा लिहिलं, आणि मी दरवेळी 'गिऱ्हाइकाकडच्या मशीनवर आहे, मागवते' म्हणून वेळ मारून नेली. परवा त्यांनी पुन्हा लिहिलं, "माजा आवाज लाव ना." मला राहवलं नाही, खरं सांगून टाकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाटी पुसली आणि सावकाश लिहिलं, "जाऊ दे. मी काय बोल्लो होतो, थे तूच सांग."

ते बोलत होते तेव्हा सगळा वेळ मी पडद्यावर हलणारी आवाजाची हिरवी रेघच बघत होते.