तोरणाखालची इंग्रजी

तान्ह्या पोळ्याला दारव्ह्यातली पोरं लाकडी नंदी ओढत दारोदार फिरतात. पण कौसल्याबाईंच्या फाटकाशी आली की थबकतात, एकमेकांना पुढे ढकलतात. इथं नुसता नंदी दाखवून बोजारा मिळत नाही. आधी इंग्रजीतून झडती, म्हणजे पोळ्याचा यमक जुळवलेला टोमणा, म्हणायची, मग हातावर खाऊ पडणार. काहींच्या आयाच घरून तालीम करवून पाठवतात, कारण त्याही कधीकाळी बाईंच्या वर्गात बसलेल्या.

बाईंचं स्वतःचं शिक्षण यवतमाळला, कॉन्व्हेंटात. तिथल्या सिस्टर मराठीचा शब्द कानावर पडला तरी डोळे वटारत. नेरजवळच्या गावात वडील पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हणायचे, आवाज असा की बैल कान टवकारत. एक बाजू यमक जुळवून टोमणा मारणार, दुसरीनं तो तिथल्या तिथे परतवायचा. ज्याला उत्तर सुचलं नाही तो हरला. छोटी कौसल्या त्या झडत्या वसतिगृहाच्या न्हाणीघरात, नळ सोडून, हळूच म्हणून घ्यायची.

पुढे दारव्ह्याच्या शाळेत सेमी इंग्रजीचा वर्ग हाती आला, तेव्हा पोरं बर्फाच्या आणि परीच्या कविता एका सुरात घोकताना दिसली. अर्थ विचारला की सगळ्यांची नजर छताला. पोळा जवळ आला होता. बाईंनी पुस्तक मिटलं. "चला, आता बैलाले इंग्रजीत चिडवू." त्या दिवसापासून दर तान्ह्या पोळ्याला शाळेच्या अंगणात तोरण लागू लागलं, आणि खालून इंग्रजी टोमणे जाऊ लागले.

आता ते दिवस आठवले की बाईंना सगळ्यात आधी पायल दिसते. तेलानं चापून बसवलेल्या दोन वेण्या आणि घट्ट मिटलेलं तोंड.

पायल बंजारा तांड्यावरून यायची. घरी गोरबोली, शाळेत मराठी, आणि पाचवीत आल्यावर गणित-विज्ञानसुद्धा इंग्रजीत. पोरगी वहीत सगळं बरोबर लिहायची, पण बोलायची नाही. जुलै गेला, ऑगस्ट सरत आला. त्याच वर्षी सांगलीकडून नवे हेडसर आले होते. माणूस शिस्तीचा, मनानं वाईट नव्हे.

"बाई, पोळ्यानंतर त्या मुलीला मराठी तुकडीत बसवू," ते म्हणाले. "तिच्याच भल्यासाठी सांगतोय. जी मुलगी तोंड उघडत नाही, तिला हे झेपणार कसं?"

"लिहिते ती, सर."

"पाठ करून लिहीत असेल. स्वतःचं एक वाक्य बोलू द्या, मी शब्द मागे घेईन."

बातमी तांड्यावर पोचली. दुसऱ्या दिवशी पायलची आजी भुरीबाई शाळेच्या पायरीवर येऊन बसली.

"म्याडम, पोरीले खाली नका उतरवू. तांड्यातून या वर्गात बसलेली पयली पोरगी हाय हे. हे उतरली, तं मांगच्या पोरींले कोणी बसूच देणार नाई."

"तिले बोलावं लागते, माय. घरी बोलते का?"

"घरी? घरी हे चूप बसली तं मी नारळ फोडीन!"

बाईंना हसू आलं आणि धीरही आला. त्या दुपारी त्यांनी पायलला जवळ बोलावलं. "तुमच्या तांड्यावर बैलाले काय म्हणतात वं?"

पायल वेणीचं टोक पिळत पुटपुटली, "बळद."

"मले नव्हतं माहीत. आता मी एक शब्द शिकली. तू कधी शिकवतं मले अजून?"

पायल गालातल्या गालात हसली. बाईंनी तिला झडती दिली नाही, फक्त सांगितलं, "तुझी तू जुळव."

तान्हा पोळा आला. तोरण बांधलं गेलं, दोन्ही बाजूंना नंदी उभे राहिले. बाईंचा दरवर्षीचा नियम होता, आज भांडण असो की तक्रार, इंग्रजीतून केली तरच ऐकली जाईल. हेडसर पेपरमिंटचा डबा घेऊन खुर्चीवर बसले. भुरीबाई कुंपणाला टेकून उभी होती.

आयुष हा व्यापाऱ्याचा मुलगा, तोंडाचा तिखट. त्यानं हात उंचावून सुरू केलं, "माय बुल इज बिग, युअर बुल इज पिग! हर बोला…"

"हर हर महादेव!" अंगण दणाणलं.

पलीकडून कोणालाच उत्तर सुचेना. मग वेण्यांतली एक हलली.

"माय बुल इज थिन," पायल खाली बघतच म्हणाली, "टुडे ही विल विन."

पोरं ओरडली. आयुषचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कुंपणापाशी भुरीबाईनं नातीची दृष्ट काढत दोन्ही हातांनी बोटं मोडली.

हेडसर मान डोलावत बाईंकडे वाकले. "छान पाठ करून घेतलंत." मग उठून त्यांनी पेपरमिंट वाटायला सुरुवात केली आणि पहिली मूठ आयुषला दिली. त्याचा आवाज मोठा होता ना! झडती अंगावर राहिलेल्याला बोजारा नसतो, हे त्यांना कोण सांगणार? सांगलीकडे कुठल्या झडत्या! बाई सांगायला उठणार, तेवढ्यात पायल तरातरा खुर्चीपुढे आली.

"सर! ही नो आन्सर. ही लूज. व्हाय यू गिव्ह हिम?"

हेडसरांची मूठ हवेतच राहिली.

"व्हॉट?"

"ही लूज!" तिचा आवाज चढला. "रूल इज रूल. लूज बॉय, नो पेपरमिंट. आस्क मॅडम. आस्क ऑल!"

"येस सर, रूल इज रूल!" मागून सगळी तुकडी ओरडली. आयुषसुद्धा अर्धवट ओरडला आणि मग जीभ चावली.

हेडसरांनी डबा तिच्यापुढे धरला. "सॉरी. टेक."

तिनं हात मागे घेतला. "फर्स्ट ही रिटर्न."

आयुषनं मूठ उघडून पेपरमिंट डब्यात टाकल्या. एक आधीच गालात होती. ती काढायला निघाला, तेव्हा हेडसरांनीच हात धरला. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईतो.

"बाई," ते म्हणाले, "राहू द्या हिला तिथंच. हिनं मराठीत भांडायला घेतलं, तर मला सांगलीला परत जावं लागेल."