आवाज बंद ठेवून

माझा धाकटा भाऊ आणि मी, दोघंही चाळिशीच्या आसपास आलो तरी व्हिडिओ गेम खेळतो. मी बडोद्यात अलकापुरीतल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. तो बडोद्याजवळ करजणला रंगाचं दुकान चालवतो. कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, दोघांकडे आहे, पण नवीन गेम आम्ही दोघांत मिळून एकच घेतो, कारण दोन घ्यायला परवडत नाहीत. आधी डिस्क एकाकडे, मग दुसऱ्याकडे. तो दर आठवड्याला माल घ्यायला बडोद्याच्या मांडवी बाजारात येतो, तेव्हा अदलाबदल होते.

गेम दोघांनाही मारामारीचेच आवडतात. पण मारामारी कशी असावी, यावर आमचं कधी जमलेलं नाही. मला सावकाश, अवघड लढाई आवडते. समोर एकच शत्रू, त्याची तलवार नेमक्या क्षणी अडवायची, चुकलात तर मेलात, पुन्हा पहिल्यापासून. भावाला वेग लागतो. एकाच वेळी दहा जण अंगावर यावेत, एकाला हवेत उडवून तिथेच चार वार करावेत, खाली येता येता दुसऱ्याला लोळवावं, आणि शेवटी स्क्रीनवर परीक्षेतल्या ग्रेडसारखं शाबासकीचं अक्षर झळकावं. मी म्हणायची, "ही बटणं कुटायची कामं." तो म्हणायचा, "ताई, तुझ्या गेममध्ये माणूस खेळतो कमी, मरतो जास्त."

पैसे कशात वसूल होतात यावरही दोन मतं. माझं म्हणणं, अवघड गेम महिना-दोन महिने पुरतो. त्याचं म्हणणं, त्यातला अर्धा वेळ तर एकाच खोलीत हरण्यात जातो, तो कशाला धरायचा?

गेल्या दिवाळीनंतर आम्ही मांडवीजवळच्या एका दुकानात गेलो. तिथे नवे-जुने दोन्ही गेम मिळतात आणि जुने परतही घेतात. माझ्या मनात तलवारीचा एक गेम होता. त्यात सोपं-अवघड निवडायची सोयच नाही, सगळ्यांना एकच पातळी. भावाला त्याच्या पद्धतीचा वेगवान गेम हवा होता. दुकानदार म्हणाला, "बेन, हा तलवारवाला लोक घेऊन जातात आणि आठवड्यात परत आणतात." मला उलट जोरच चढला. मागच्या वेळी भावाच्या मनासारखं झालं होतं, त्यामुळे या वेळी माझं चाललं.

मी तो गेम दीड महिन्यात संपवला. मग डिस्क करजणला गेली आणि तिथेच राहिली. फोन केला की तो सांगायचा, "पुलावरच्या त्या भालेवाल्याला अजून पाडतोय." भालेवाला हा त्या गेममधला जेमतेम दुसऱ्या क्रमांकाचा मोठा शत्रू. मला तो दोन संध्याकाळींत जमला होता. मी फोनवर शिकवायची, "घाई करू नकोस. तो वार करायच्या आधी थांबतो. तेव्हा लक्ष दे."

"देतो गं."

"मग अडवता कसं येत नाही?"

"जाऊ दे ना ताई. दिवसभर गिऱ्हाईक डोकं खातं. घरी येऊन आणखी कोणाचा मार खाऊ?"

मला वाटलं, त्याला चिकाटीच नाही. तसं मी बोललेही.

जानेवारीत भावजयीला माहेरच्या लग्नासाठी चार दिवस जायचं होतं. बाबा भावाकडेच असतात. ते रेल्वेत होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून उजवी बाजू चालत नाही आणि आवाज बारीक झाला आहे. मी एरवी रविवारी संध्याकाळी त्यांना भेटून यायची. या वेळी रजा टाकून करजणला राहिले.

पहिल्या दिवशी दुपारी भाऊ दुकान बंद करून जेवायला आला. जेवण झालं, बाबांना औषध दिलं, ते झोपले. चार वाजेपर्यंत दुकान उघडायचं नव्हतं. त्याने बाबांच्या पलंगाशेजारी खाली चटई टाकली आणि कन्सोल सुरू केला. टीव्ही बाबांच्याच खोलीत आहे. ते मला माहीत होतं, पण तो खेळतो कधी आणि कसा, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

त्याने टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला.

भालेवाला पुलावर आला. भावाने दोन वार नीट चुकवले, तिसरा छातीत बसला. परत सुरू. परत तेच. मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, "अरे, तो भाला फिरवायच्या आधी सळसळ आवाज होतो. तो ऐकून बटण दाबायचं असतं."

"असेल," तो म्हणाला. "मी कुठे ऐकलाय?"

"हेडफोन लाव मग."

त्याने बाबांकडे मान वळवली. "हाक मारली तर ऐकू यायला नको? बेल आणून दिली होती उशाशी. वाजवत नाहीत. हाकच मारतात."

मी कंट्रोलर मागून घेतला. ज्याला मी दोन संध्याकाळींत पाडलं होतं, त्याने मला त्या शांत खोलीत भराभर लोळवलं. भाला हलताना दिसायचा तोवर उशीर झालेला असायचा. मी इतके दिवस डोळ्यांनी नाही, कानांनी खेळत होते, हे तेव्हा कळलं. भाऊ शेजारी बसून बघत होता. हसला नाही. "अवघड आहे ना?" एवढंच म्हणाला.

मध्येच बाबांनी हाक मारली. मला ती ऐकूच आली नाही. भाऊ मात्र तोवर उठून पाण्याचा पेला घेऊन त्यांच्याजवळ पोचलाही होता.

त्या दुपारी तो खेळला कमी, बोललाच जास्त. वेगवान गेम त्याला का बरे वाटतात, तेही सांगितलं. शत्रू हल्ला करायच्या आधी लाल चमकतो, ते डोळ्यांना दिसतं. शिवाय लढाया लहान असतात, हाक आली की मध्येच सोडता येतात. "माझा दुपारचा तासभर असतो," तो म्हणाला. "त्यात दोन-तीनदा जिंकलो तर दुकानावर जाताना बरं वाटतं."

मी चिकाटीबद्दल बोलले होते तो विषय त्याने काढला नाही. मी चहा टाकला.

पुढच्या आठवड्यात आम्ही तलवारीचा गेम त्या दुकानात परत दिला आणि वरचा फरक भरून वेगवान गेम घेतला. दुकानदार गालात हसला. मी डिस्क आधी करजणला पाठवली. ती माझ्याकडे आली तेव्हा मी मुद्दाम आवाज बंद ठेवून खेळले. बटणं कुटणं ते नव्हतंच. कोणता वार कशाला जोडायचा, हे लक्षात ठेवावं लागायचं, आणि सगळ्यात वरचं अक्षर मला एकदाही मिळालं नाही. भावाला जवळजवळ प्रत्येक लढाईत मिळतं. मी फोनवर विचारलं, "तू हे कसं करतोस?" तर त्याने दुकानातूनच, गिऱ्हाईक समोर उभं असताना, बोटांचा क्रम सांगायला सुरुवात केली. मध्ये गुजरातीत "एक मिनिट, भाई" म्हणाला आणि पुन्हा पुढे सांगू लागला.

अवघड गेम मला अजूनही आवडतात. एक स्वस्तात मिळाला तेव्हा मी तो माझ्या एकटीसाठी घेतला आणि पूर्णही केला. भावाने रविवारी त्या गेममधली गोष्ट विचारली. मी बाबांच्या पलंगावर बसून ती सगळी सांगितली, शेवटासकट. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, गोष्टीतला तो राजा वाईट होता का. मी म्हटलं, आधी नव्हता.