एक घंटी म्हणजे चहा

आमचे हे, नरहरी ठवकर, रेल्वेच्या पार्सल हापिसात होते. जाऊन महिना झाला. रायपूरच्या बूढापाऱ्यात आमची उभी जिंदगी गेली. माणूस चांगला, पण घरात बोलाचं म्हणजे त्यायच्या जिवावर ये. भाजी कशी झाली म्हटलं तर "हं." खारट झाली तरी "हं."

वर्ध्याच्या बहिणीसाठी, आनंदीताईसाठी, मात्र कुठून बोलणं सुचे काय माहीत. आमचं लग्न झालं तेव्हा दर रविवारी निळं अंतर्देशीय, कडेकडेनंही लिहून भरलेलं. मग एसटीडीच्या दुकानात लाइनीत उभे. मग मोबाइल आला, तर रोज सकाळी गच्चीवर बसून आवाज भरून पाठवत, "ताई, आज तलावावर बगळे आले." मी तिथंच तांदूळ निवडून राहिली. बगळे मले काहून नाही सांगत? जळाची मी. खोटं कायले बोलू.

मले काय, तर मिस कॉल. संध्याकाळी तलावावर फिराले जात, तिथून घरी निघाले की एक घंटी. एक म्हणजे चहा ठेव, दोन म्हणजे सोबत कोणी आहे, पोहे भिजव. नवीन नवीन एकदा मी उचलला, "अहो, बोला ना!" घरी येऊन भडकले, "उचलला काहून? तो उचलाचा नसते!"

तेरवी झाली अन् त्यायचा आवाजच मले आठवेना. घाबरली मी. पोट्टीनं, पूर्णिमानं, त्यायचा फोन उघडला.

"मम्मी, आपके नाम पे तो बस मिस कॉल हैं."

आनंदीताई अजून आमच्याकडंच होत्या. त्यायच्या फोनात दोन-तीनशे आवाज. मागाचं जिवावर आलं, पण मागितले. त्यायनं लावले. हे खदखदून हसून राहिले होते! इतकं हसणं माझ्या वाट्याले कधी आलं नाही. अन् प्रत्येकात ताई, ताई, ताई. मधातच मागून माझं ओरडणं, "आंघोळीले चला, पाणी थंड होते!"

"मंदा, सगळे पाठवते तुले," ताई म्हणे.

"नको. ताईचे माझ्या फोनात कायले?"

साडेसहा वाजले. मी उठून चहाचा गंज गॅसवर ठेवला.

"आता कोणासाठी व?" ताईनं विचारलं.

मग घंटीचं सांगितलं. "तुमाले दिली का कधी घंटी त्यायनं?"

"मले कायले देईन नरू?" ताईचं तोंड उतरलं. मले बरं वाटलं. मग हळूच म्हणे, "कशी वाजे व?"

त्यायचा फोन मी रोज चार्ज करते. त्याच्यावरून माझ्या फोनाले एक घंटी दिली अन् कापली. ताईनं डोयाले पदर लावला.

"अजून एकदा वाजव ना."

"नाही. दोनदा वाजली तर पोहे भिजवा लागतीन."

चहा गाळता गाळता मीच म्हटलं, "ताई, ते बगळ्याचं तेवढं पाठवा."